जपानी पालेभाज्या आणि घरची कोशिंबीर

जपानी भाषेत पालेभाजीला 'ना' म्हणतात. मिझुना, मिबुना आणि कोमात्सुना ही नावे उच्चारताना तिन्हींचे शेवटचे अक्षर एकच असल्याचे ध्यानात येते, आणि या भाज्यांचे कूळही एकच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांची गणना सलगमच्या जातीत, म्हणजे 'ब्रासिका रापा' या जातीत करतात. सलगम मुळासाठी लावतात, या भाज्या पानांसाठी. बी पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यात त्या तोडणीस येतात, वीतभर खोलीच्या कुंडीतही समाधानाने वाढतात आणि एकदा कापल्या तरी पुन्हा फुटतात. त्यामुळे जपानमधील घराघरांच्या सज्जात त्यांना स्थान मिळाले आहे आणि अलीकडे जगातील अन्य देशांच्या परसबागांतही त्या रुजल्या आहेत.

मिझुना ही मूळची क्योतो परिसरातील भाजी. कातरकाम केल्यासारखी बारीक, करवती पाने आणि पांढरे, सडपातळ, रसरशीत देठ ही तिची खूण. 'मिझु' म्हणजे पाणी. पूर्वी शेतातील सऱ्यांमधून वाहते पाणी खेळवून ही भाजी पिकवीत असत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. तोक्योकडील लोक तिला 'क्योना', म्हणजे क्योतोची भाजी म्हणत. मिबुना ही तिचीच बहीण, परंतु तिची पाने अरुंद, लांबट आणि अखंड कडांची असतात. क्योतोमधील मिबु मंदिराच्या आसपासच्या शेतांत ती पिकू लागली, म्हणून ती मिबुना.

कोमात्सुनाची हकिकत राजधानीशी निगडित आहे. आजच्या तोक्यो महानगरातील एदोगावा विभागात कोमात्सुगावा नावाचे ठिकाण आहे. आठवा तोकुगावा शोगुन योशिमुने (कारकीर्द १७१६ ते १७४५) ससाण्यांच्या शिकारीसाठी त्या बाजूस गेला असता त्याला भोजनात या भाजीचे सार वाढण्यात आले; ते त्यास फार रुचले आणि त्या जागेवरून त्याने भाजीचे नामकरण केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तोक्योच्या परिसरात नववर्षदिनी करावयाच्या 'झोनी' या सारात कोमात्सुना घालण्याची प्रथा आजही टिकून आहे.

आज मिझुना म्हटले की कच्च्या पानांची कोशिंबीर डोळ्यांसमोर येते. वस्तुतः या भाज्या शतकानुशतके शिजवून किंवा मिठात मुरवूनच खाल्ल्या जात होत्या. कोमात्सुना उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, सोया सॉस व माशाच्या अर्कात भिजवून खात. मिबुनाचे लोणचे घालत. मिझुनाचा हिवाळी गड्डा तर चांगला घेरदार वाढू देत आणि ओसाका भागात तो देवमाशाच्या मांसाबरोबर उकळत्या भांड्यात घालत. कोवळे पान कच्चे खाण्याची पद्धत त्या देशात का नव्हती, याचे उत्तर शेतीच्या खतात दडलेले आहे.

शहराचा मैला आणि शेतातले पान

अठराव्या शतकात एदो, म्हणजे आजचे तोक्यो, दहा लाख वस्तीचे शहर होते. एवढ्या शहराचा मैला नदीत सोडून न देता तो विकत घेतला जाई. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी होड्या आणि घोडी घेऊन शहरात येत, मैल्याच्या मोबदल्यात पैसे किंवा भाजीपाला देत आणि मैला कुजवून शेतांना घालत. चाळींच्या मालकांना भाड्याखेरीज मैल्याच्या विक्रीचे उत्पन्न मिळे. शहर स्वच्छ राहिले, जमिनीचा कस टिकला आणि लाखो लोकांना रोज ताजी भाजी मिळाली. ही व्यवस्था तिच्या काळी जगातील कोणत्याही मोठ्या शहराने हेवा करावा अशीच होती.

परंतु तिला एक दुसरी बाजू होती. नीट न कुजलेल्या मैल्यातून जंतांची अंडी पानांवर येत आणि पुन्हा माणसाच्या पोटात जात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत जपानमधील निम्म्याहून अधिक लोकांना जंतांचा उपद्रव होता. पान उकळून खाण्याची सवय केवळ चवीपोटी जडलेली नव्हती, ते एक संरक्षणही होते.

युद्धानंतर जपानमध्ये आलेल्या अमेरिकन सैन्याला मात्र कच्च्या पानांचे सॅलड हवे होते आणि मैल्यावर वाढलेली भाजी त्यांना चालत नव्हती. म्हणून १९४६ मध्ये तोक्योजवळ चोफू आणि बिवा सरोवराकाठी ओत्सू येथे सैन्याने मातीविना, पोषक द्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजी पिकविण्याचे मोठे मळे उभारले. अशा भाजीला जपानी लोक 'शुद्ध भाजी' म्हणू लागले. पुढील दोन-तीन दशकांत रासायनिक खते आली, भुयारी गटारे झाली, शाळांतून जंतनिवारणाची मोहीम चालली, घरोघरी शीतकपाट आले, आणि पान कच्चे खाणे सर्वसामान्य जपानी कुटुंबाच्या अंगवळणी पडले. मिझुना त्यातही उशिरा आली. घेरदार गड्ड्याऐवजी वीतभर उंचीची कोवळी रोपे काढून विकण्याची पद्धत १९९० नंतर फोफावली आणि क्योतोची ही हिवाळी भाजी बारमाही झाली. आज तिचे सर्वांत मोठे उत्पादन क्योतोत होत नसून तोक्योच्या ईशान्येकडील इबाराकी प्रांतात होते.

कच्च्या पानाबाबतचा धोका पूर्णपणे संपला असे मात्र म्हणता येणार नाही. जुलै १९९६ मध्ये ओसाकाजवळील साकाई शहरात शालेय भोजनातून 'ओ-१५७' या जंतूंचा संसर्ग होऊन हजारो मुले आजारी पडली आणि काही दगावली. संशयाची सुई मुळ्याच्या कोवळ्या अंकुरांकडे वळली. शेतावरील तपासणीत ते जंतू आढळले नाहीत. तथापि तेवढ्यात देशभरचा अंकुरांचा बाजार कोसळला. त्या वेळचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी छायाचित्रकारांसमोर अंकुर खाऊन दाखविले तरी लोकांचा विश्वास लगेच परतला नाही. दोष कोणाचा हे निर्विवादपणे ठरले नाही. भाजी कच्ची खावयाची तर तिला कोणते पाणी घातले आणि कोणते खत, हे खाणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, ही जाणीव मात्र पक्की झाली. घरच्या कुंडीत वाढलेल्या पानाविषयी ही माहिती घरातील प्रत्येकाला असते.

सिमेंटच्या जंगलातील वाफे

कोमात्सुगावाच्या शेतांवर आज इमारती उभ्या आहेत, परंतु सर्वच शेते गेलेली नाहीत. एदोगावा विभागात घरांच्या मधोमध प्लास्टिक आच्छादनाखाली कोमात्सुनाचे वाफे अजूनही दिसतात. शहरातील शेतजमीन टिकावी म्हणून जपानने १९७४ मध्ये उत्पादक हरितभूमीचा कायदा केला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर ज्या जमीनधारकांनी तीस वर्षे शेतीच करण्याचे बंधन स्वीकारले, त्यांना करात मोठी सवलत मिळाली. ही मुदत २०२२ मध्ये संपत होती आणि एकाच वेळी पुष्कळ जमीन बांधकामासाठी बाजारात येईल अशी भीती होती. २०१७ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती करून हे बंधन दहा-दहा वर्षांनी वाढविण्याची सोय करण्यात आली आणि बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती स्वीकारली.

स्वतःची जमीन नसलेल्या नागरिकांसाठी १९८९ व १९९० च्या कायद्यांनी भाडेपट्टीच्या नागरी बागांचा मार्ग मोकळा केला. काही चौरस मीटरचा तुकडा घेऊन निवृत्त गृहस्थ, गृहिणी, शाळकरी मुले तेथे भाजी लावतात. ज्यांना तेवढेही शक्य नाही ते सज्जात लांबट कुंडी ठेवतात. या कुंडीची लांबी साधारणपणे ६० ते ६५ सेंटिमीटर असते आणि तिच्यात वरील तिन्हीपैकी कोणतीही भाजी दोन ओळींत सहज येते.

पेरणी, विरळणी, कापणी

या भाज्यांना १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. जपानमध्ये पेरणीचा सर्वोत्तम काळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. बियाण्याच्या पाकिटावर थंड, मध्यम आणि उबदार अशा तीन प्रकारच्या प्रदेशांसाठी पेरणीचे निरनिराळे महिने छापलेले असतात, आणि नवशिक्यांनी ते नीट वाचावेत असा आग्रह असतो. याचे कारण असे की या जातीच्या बियाला अंकुरण्याच्या सुमारासही थंडीचा स्पर्श झाला आणि पाठोपाठ दिवस मोठा होत गेला, तर रोप पाने वाढविण्याचे सोडून फुलाच्या मागे लागते. कांद्याला डेंगळा यावा तसा मधूनच दांडा निघतो, पाने राठ आणि कडवट होतात. वसंताच्या आरंभी घाईने केलेली पेरणी अशीच वाया जाते. अर्थात वाया जाते असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. कळ्यांसह कोवळा दांडा खुडून, किंचित उकडून खाणे हा जपानी वसंताचा एक आवडता पदार्थ आहे.

बी मोहरीएवढे किंवा त्याहूनही बारीक. ओलसर, भुसभुशीत मातीत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल रेघ ओढून त्यात सेंटिमीटरभर अंतराने बी टाकावे, वरून पातळ माती पसरावी, हाताने हलकेच दाबावे आणि झारीने पाणी द्यावे. दोन ओळींत १० ते १५ सेंटिमीटर अंतर पुरते. तीन ते पाच दिवसांत अंकुर वर येतात. पुढची पायरी विरळणीची. हौशी बागाईतदार येथे हमखास हात आखडता घेतो, कारण उगवलेले रोप उपटणे त्याच्या जिवावर येते. परंतु दाटीत रोपे उंच, फिकी आणि कमकुवत होतात. पहिली विरळणी दोन पाने फुटल्यावर आणि दुसरी चार-पाच पाने झाल्यावर करावी व रोपांमध्ये पाच-सहा सेंटिमीटर जागा ठेवावी. उपटलेली रोपे ही घरच्या बागेची पहिली आणि सर्वांत कोवळी कोशिंबीर होय. बाजारात ती क्वचितच मिळते, कारण तासा-दोन तासांत ती माना टाकते.

कोमात्सुना वीतभर वाढली की रोपे मुळासकट उपटण्याचा प्रघात आहे. मिझुनाचे तसे नाही. तिचा वाढीचा गाभा जमिनीलगत असतो. तीन-चार सेंटिमीटर बुंधा राखून वरची पाने कात्रीने कापली तर दोन-तीन आठवड्यांत नवी पाने तयार होतात आणि एका पेरणीवर दोन-तीन कापण्या मिळतात. गाभ्याला धार लागली तर मात्र पुन्हा फूट येत नाही. ब्रिटनमध्ये या भाज्यांचा प्रसार करणाऱ्या जॉय लार्कम यांनी आपल्या १९९१ च्या 'ओरिएंटल व्हेजिटेबल्स' या ग्रंथात मिझुनाची शिफारस केली, ती तिच्या या गुणाचा उल्लेख करूनच. एकाच वेळी सगळी कुंडी पेरण्यापेक्षा दर दहा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरल्यास पानांचा ओघ अखंड राहतो.

या भाज्या माणसाप्रमाणे कीटकांनाही प्रिय आहेत. पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली तर ते उडद्या जातीच्या इवल्याशा भुंगेऱ्यांचे काम समजावे. कोबीवर येणारी हिरवी अळी, पाठीवर चौकोनी ठिपके असलेल्या पतंगाची अळी आणि मावा हे इतर शत्रू. जे पान आठवडाभरात कच्चे खावयाचे त्यावर कीटकनाशक फवारणे शहाणपणाचे नव्हे. जपानी माळी पेरणी झाल्याच दिवशी कुंडीवर कमानी रोवून बारीक विणीचे जाळीदार कापड ताणतात आणि त्याच्या कडा मातीत दाबतात. एक मिलिमीटरहून बारीक छिद्रांचे कापड असावे. आठ दिवसांनी जाळी घातली तर किडी आतच कोंडल्या जातात, हे वेगळे सांगावयास नको. एकाच मातीत मोहरीवर्गीय भाजी वारंवार घेतल्यास मुळांवर गाठी धरणारा रोग बळावतो, विशेषतः आम्ल जमिनीत. म्हणून दोन पिकांच्या मध्ये मेथी, घेवडा किंवा अन्य कुळातील काहीतरी घ्यावे.

खताच्या बाबतीत साधा हिशेब ध्यानी ठेवावा. ज्या पिकाचा मातीशी स्पर्श होतो व जे कच्चे खाल्ले जाते, त्याच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस जमिनीत ताजे शेण घालू नये, असा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमावलीचा दंडक आहे. मिझुनाचे संपूर्ण आयुष्य जेमतेम ४० दिवसांचे. तेव्हा उभ्या पिकाला ताजे शेण किंवा शेणाचे पाणी देणे सर्वथा वर्ज्य. पूर्ण कुजलेले, मातीचा वास येणारे कंपोस्ट पेरणीपूर्वीच मिसळावे. पाणी पिण्यायोग्य असावे आणि ते पानांवर न शिंपडता बुडाशी द्यावे. पाने वाहत्या पाण्यात धुवावीत, परंतु धुण्याने सर्व जंतू निघून जातात असा भरवसा बाळगू नये. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने गर्द व टवटवीत दिसतात खरी, पण त्यांत नायट्रेट साठते. उन्हाची कमतरता असेल तर ते अधिकच साठते. म्हणून कुंडी उजेडात ठेवणे हे खताइतकेच महत्त्वाचे.

पोषणाच्या दृष्टीने या पानांची योग्यता मोठी आहे. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या कोमात्सुनात १७० मिलिग्रॅम आणि मिझुनात २१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पालकात ते ४९ मिलिग्रॅम आहे. शिवाय पालकातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. या भाज्यांत ते फारच कमी असल्याने शरीराला कॅल्शियम सहज मिळते. 'के' जीवनसत्त्वही त्यांत विपुल आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णांनी मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय अशा पानांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये.

जपानी पानांचा परिवार या तिघींपुरता मर्यादित नाही. शुंगिकु ही शेवंतीच्या कुळातील भाजी. तिच्या कोवळ्या पानांना शेवंतीचाच किंचित कडसर सुगंध असतो. मित्सुबा म्हणजे तीन पाने. ती कोथिंबिरीच्या कुळातील असून सावलीत वाढते, त्यामुळे ऊन न लागणाऱ्या सज्जात तिचा उपयोग होतो. शिसो तुळशीच्या कुळातील आहे. इतर भाज्या उन्हाळ्यात थकतात तेव्हा ती जोमाने वाढते. उत्तराखंडात जिच्या बियांची चटणी करतात ती भंगजीर हीच वनस्पती. या तिघींचे बी उजेडात चांगले रुजते, म्हणून त्यावर मातीचा जाड थर घालू नये.

मोहरीचे नाते

महाराष्ट्रातील वाचकाला ही पाने परकी वाटण्याचे कारण नाही. तोक्योत जन्मलेले शास्त्रज्ञ नागाहारू उ यांनी १९३५ मध्ये मोहरीवर्गीय पिकांच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सलगमच्या जातीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात आणि काळ्या मोहरीत ८. या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून १८ जोड्यांची जी जात निर्माण झाली, ती म्हणजे भारतात सर्वत्र पिकणारी मोहरी. म्हणजे आपल्या फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीचे एक मातृकुळ मिझुना आणि कोमात्सुना यांचेच आहे. जपानी सॅलडमधील झणझणीत 'कराशिना' आणि 'वासाबिना' या तर प्रत्यक्ष मोहरीच्याच जातीतील पाने आहेत.

आपल्याकडे या भाज्या लावावयाच्या तर जपानी पाकिटावरील महिने जसेच्या तसे उचलू नयेत. तोक्योत उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा, तर मुंबईत सव्वातेरा तासांचा. त्यामुळे येथे मोठ्या दिवसापेक्षा उष्णतेचेच भय अधिक. पाऊस ओसरून रात्री गार होऊ लागल्या की, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत, रब्बीच्या मोहरीबरोबरच पेरणी करावी. देशावरील थंडी त्यांना मानवेल. कोकणातील दमट हवेत कुंडी दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावी. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले की पाने राठ होतात. तेव्हा ती आमटीत किंवा परतून भाजीत घालणे बरे. कोवळ्या मिझुनाला मुळ्याच्या पानाची सौम्य चव असते, त्यामुळे दही, मीठ आणि दाण्याचे कूट घातलेल्या नेहमीच्या कोशिंबिरीत ती चांगली मिसळते.

घरचे बी धरण्याची इच्छा अनेकांना होते. त्याबाबत एक अडचण आहे. सलगमच्या जातीतील फुले सहसा स्वतःच्या परागांनी फळत नाहीत. मधमाश्या शेजारच्या रोपाचे पराग आणतात, आणि ते रोप कोमात्सुना असो, सलगम असो वा चिनी पाकचोई असो, संकर होतोच. खुद्द मिबुनाची उत्पत्ती मिझुनाच्या अशाच एका नैसर्गिक संकरातून झाली असे मानतात. क्योतो प्रांताच्या शासनाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पारंपरिक भाज्यांची अधिकृत सूची तयार केली. मेजी काळापूर्वी, म्हणजे १८६८ पूर्वी प्रांतात रुजलेल्या भाज्यांनाच तीत स्थान देण्यात आले. मिझुना आणि मिबुना त्या सूचीत आहेत. त्याच सूचीत एक मुळा आणि एक सलगम यांची नावेही आहेत, परंतु त्यांचे बी आता कोणापाशीच उरलेले नाही. ज्याला मिझुनाचे शुद्ध बी हवे असेल त्याने त्या हंगामात फुलोऱ्यावर तीच एक भाजी राहू द्यावी, किमान दहा-बारा रोपे एकत्र ठेवावीत आणि शेंगा पिवळ्या पडताच, तडकण्यापूर्वी, दांडे कापून सावलीत उलटे टांगावेत.